सच्छिद्र अथवा अखंड

माझ्या आत्याच्या घरात माणसांचे फोटो नाहीत. भिंतींवर पेटंटं आहेत. शिक्क्यासकट, फ्रेम करून, बैठकीत, जिन्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी. एक तर संडासाच्या दाराला आतून लावलंय. तिथं का लावलंस, म्हणून लहानपणी मी विचारलं होतं. ती म्हणाली, "तिथं माणूस निवांत असतो. शेवटपर्यंत वाचतो." मग ती पुन्हा आपल्या कामाला लागली.

आत्या प्रकाशातली. केसासारख्या बारीक काचेच्या तारांमधून उजेड इकडून तिकडे न्यायचा, वाकवायचा, अडवायचा, मोजायचा, यात तिचं आयुष्य गेलं. मी पदार्थांमधली. जखमेवर ठेवायच्या पट्ट्या, मलमं, डॉक्टर वापरतात ते चिकट पारदर्शक प्रकार बनवते. नवरा सॉफ्टवेअरमधला. आमच्याकडे जेवताना कुणी मीठ मागितलं तरी दुसरा विचारतो, नेमकं कशासाठी हवंय आणि यापूर्वी कुणी मागितलंय का. मी तापट आहे, हेही आधीच सांगून टाकते. नवऱ्याला सांगायला दिलं तर तो फार वेळ घेतो.

आमचा शोध असा. जखमेवर ठेवायची एक मऊ, पारदर्शक जेलची पट्टी. तिच्या एका कडेला बारीक दिव्यांची रांग, समोरच्या कडेला सेन्सरची रांग. उजेड पट्टीच्या आतूनच या कडेचा त्या कडेला जातो. खालच्या अंगाला मी हवेच्या बारीक छिद्रांचा एक थर दिलाय. त्या हवेमुळे उजेड खाली झिरपत नाही, आतल्या आत उड्या मारत पुढे सरकतो. जखमेत जंतू वाढले की ते छिद्रांवरचा लेप खातात, छिद्रांत पाणी शिरतं आणि नेमका तिथं उजेड गळतो. कुठं गळला ते नवऱ्याचं सॉफ्टवेअर पडद्यावर लाल ठिपक्यानं दाखवतं. म्हणजे आत चिघळलंय का ते बघायला पट्टी उघडावी लागत नाही.

बाकीच्यांना हे शेवटचं वाक्य किरकोळ वाटतं. माझी आई उकळत्या तेलानं भाजली होती, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. रोज पट्टी उघडायचे आणि रोज तिच्याबरोबर नवं कोवळं कातडं निघून यायचं. नर्स बिचारी म्हणायची, "उघडल्याशिवाय कळणार कसं, ताई?" आई माझा हात असा दाबायची की बोटं मोडतील. आणि बहुतेक वेळा आत काहीही बिघडलेलं नसायचं. उगाच उघडलेलं असायचं. आई आता ठणठणीत आहे, जिने चढते, भांडते. माझा राग मात्र गेलेला नाही. ही पट्टी त्याच रागातून झाली.

आणि पट्टी चालत होती. एक कारखाना ती बनवायला तयारही होता, पण पेटंट हातात पडल्यावर. त्याशिवाय ते नवी यंत्रं लावणार नव्हते, आणि यंत्रं लागली नाहीत तर माझी पट्टी म्हणजे टेबलावरचं खेळणं. कुणाच्याही पायावर ती कधी जाणार नव्हती.

आमचे पेटंटचे वकील आहेत, त्यांना आम्ही पाठीमागे स्वल्पविराम म्हणतो. एका स्वल्पविरामासाठी ते तासभर भांडू शकतात, आणि जिंकतात. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी शिजलंय.

"पेटंट कार्यालयातल्या परीक्षकांचा आक्षेप आलाय," ते म्हणाले. "हा शोध नवा नाही म्हणतात. त्यांना एक जुनं पेटंट सापडलंय."

"कुणाचं?"

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. वरचं नाव वाचलं आणि मी उडालेच.

"अहो, हे तर आमच्या संडासाच्या दारावरचं!"

स्वल्पविरामांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. बालपणापासून ते पान मी इतक्यांदा वाचलं होतं की डोळे मिटून म्हणून दाखवलं असतं. काचेच्या तारा विणून केलेली, उजेड वाहून नेणारी पट्टी. पण फ्रेममध्ये फक्त पहिलं पान होतं. शेवटचं पान मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. त्यात लिहिलं होतं: 'सदर प्रकाशवाहक काच, प्लॅस्टिक, जेल किंवा अन्य कोणत्याही पारदर्शक पदार्थाचा, सच्छिद्र अथवा अखंड, असू शकेल.' आणि त्याखाली एक उदाहरणही होतं. जेलमध्ये हवा फेटून तिची पट्टी करावी, एका कडेला दिवा धरावा, उजेड समोरच्या कडेला मिळतो.

झालं! सच्छिद्र जेल, एका कडेला दिवा, समोरच्या कडेला उजेड. माझा अख्खा शोध तिनं दोन ओळींत गुंडाळून ठेवला होता, तोही मी शाळेत असताना.

"सच्छिद्र अथवा अखंड!" मी म्हणाले. "म्हणजे जगात काही बाहेर ठेवलंच नाही बाईनं!"

"सगळेच लिहितात तसं," स्वल्पविराम म्हणाले. "कुंपण जरा लांबून घालायचं, म्हणजे शेजारी आत यायला नको. आणि उदाहरण प्रत्यक्ष केलेलंच पाहिजे असंही नाही. होईल असं वाटलं तरी लिहिता येतं. आम्ही त्याला कागदी उदाहरण म्हणतो. त्यात लाज नाही. तुमच्या आत्यांना विचारा, हे त्यांनी केलं होतं की नुसतं लिहिलं होतं. नुसतं लिहिलं असेल, तर ते खरंच होतं याला पुरावा नाही, आणि आपण वाचलो. सुनावणीला त्यांनी येऊन तेवढं सांगायचं."

मी तशीच आत्याकडे गेले. ती खिडकीपाशी बसून एक भिंग पुसत होती. नमस्कार-चमत्कार काही नाही, कागद पुढ्यात टाकला.

"आत्या, हे जेलचं तू केलं होतंस का?"

"लिहिलंय ना मी."

"लिहिलंयस गं. केलं होतंस का?"

तिनं भिंग खाली ठेवलं. "माझ्या पेटंटांत न केलेली एक ओळ दाखव. केलं होतं. उजेड पलीकडे आला होता, या डोळ्यांनी पाहिलाय."

"अगं, हवा फेटलेली जेल फेसासारखी पांढरीफटक होते. मी किती वेळा केलंय. त्यातून उजेड जाणं शक्य नाही!"

"तुझ्या हातून होत असेल पांढरी."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! मी म्हणाले, तुझ्या या एका ओळीपायी माझी सगळी मेहनत पाण्यात जाणार आहे. ती म्हणाली, खरं आहे ते आहे, मेहनत बघून ते बदलत नाही. मी म्हणाले, मग करून दाखव. ती म्हणाली, दाखवते, उद्या सकाळी येते, आणि तुझा तो फाटका ॲप्रन मला देऊ नकोस, मी माझा आणेन. दाराशी आल्यावर तिनं विचारलं, "जेवून जातेस का?" मी नाही म्हणाले. भूक लागली होती, तरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली. इस्त्री केलेला पांढरा ॲप्रन, खिशात स्वतःचा चिमटा. आमची कार्यशाळा म्हणजे तीन खोल्या: एकीत भट्टी आणि मिक्सर, एकीत मोजमाप, एकीत नवऱ्याचे पडदे आणि त्याचे चहाचे कप. आत्यानं सगळीकडे नजर फिरवली.

"या प्लॅस्टिकच्या बशा कसल्या? काचेचा ट्रे नाही?"

"आहे, वरच्या फळीवर."

"तो दे. मी काचेशिवाय कशावर काम केलेलं नाही."

मी ट्रे काढून दिला. ती आपलं जुनं उदाहरण वाचत वाचत, जे लिहिलं होतं तेच आणि तेवढंच घालत गेली. जेल फेटली, ट्रेमध्ये ओतली, घट्ट होऊ दिली. पांढरीफटक! मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, पण चेहऱ्यानं काढलं असावं, कारण ती म्हणाली, "दात दाखवू नकोस." तिनं पुन्हा फेटली, या वेळी हळू. पुन्हा पांढरी. मग तिनं अगदी पातळ थर ओतला, कागदासारखा. तोही दुधाळच, पण तिनं दिवा कडेला धरला आणि नवऱ्याला हाक मारली, "जावईबापू, लावा तुमचं यंत्र."

नवऱ्यानं सेन्सर समोरच्या कडेला टेकवला. पडद्यावरची रेघ सरळ वर गेली.

उजेड पलीकडे आला होता. भरपूर आला होता.

नवरा पडद्याकडे बघत राहिला, मग हळूच माझ्याकडे. आत्याचा चेहरा असा फुलला होता, की क्षणभर ती म्हातारी वाटेना. "बघ!" ती म्हणाली, "म्हणत नव्हते मी?" आणि तेवढ्यात तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी स्टुलावर बसले होते. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायचं त्राणही नव्हतं. डोळ्यांपुढे आईचा पाय आला होता.

आत्यानं पुन्हा ट्रेकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकली, डोळा ट्रेच्या कडेशी नेला आणि तशीच राहिली. बराच वेळ राहिली. मला वाटलं, तिची कंबर धरली.

"सुरी दे," ती म्हणाली.

तिनं सुरीचं पातं जेलखाली सरकवलं, जेल अलगद सोडवली, उचलली आणि आपल्या तळहातावर घेतली. "आता दिवा धरा हिच्या कडेला. सेन्सर इकडे."

रेघ आडवी पडली. काहीच नाही.

"आता रिकाम्या ट्रेला धरा."

नवऱ्यानं दिवा रिकाम्या ट्रेच्या कडेला धरला. रेघ पुन्हा टोकाला गेली.

मग आत्या म्हणाली, "उजेड ट्रेमधून जात होता. तेव्हाही ट्रेमधूनच गेला असणार. आयुष्य काचेत उजेड घालण्यात गेलं, आणि काचेतून आलेला उजेड मला ओळखू आला नाही. वर जेल होती ना, म्हणून मी जेलला शाबासकी दिली."

खरं सांगते, मला उडी मारावीशी वाटत होती. आनंदानं छाती फुटेल असं झालं होतं. पण तिच्या तळहातावर ती पांढरी लिबलिबीत जेल होती आणि आत्या तिच्याकडे अशी बघत होती, की मी उडी पोटात दाबली.

"आत्या, चहा टाकू?" नवऱ्यानं विचारलं.

"टाका. साखर घाला चांगली." मग ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका जावईबापू, तुमचं सॉफ्टवेअरही माझ्याबरोबर फसलं."

त्या आठवड्यात आम्ही तिघं स्वल्पविरामांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी हात चोळले. "उत्तम! सुनावणीत फक्त म्हणायचं, ते कागदी उदाहरण होतं. प्रत्यक्ष केलं नव्हतं. विषय संपला."

"पण मी केलं होतं," आत्या म्हणाली.

"हो, पण मॅडम, केलं होतं म्हणालात तर परीक्षक म्हणतील, म्हणजे झालं होतं. उजेड दिसला हे तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय. आणि तुमचं नाव मोठं. ते तुमचं जुनं लिहिणं खरं धरतील आणि आजचं म्हणणं भाचीच्या प्रेमापोटी आहे असं समजतील."

"केलं होतं, आणि झालं नव्हतं. मी तेच सांगणार."

मी भडकले. "अगं, एवढं एक वाक्य! त्यात तुझीही लाज राहते. कुणाला कळणार आहे, की तू चुकली होतीस?"

आत्यानं माझ्याकडे मान वळवली. आवाज चढवला नाही. "खोटं बोलून मिळवलेली पट्टी तुझ्या आईच्या पायावर ठेवशील?"

स्वल्पविराम टेबलावरचे कागद उगाच सरळ करत बसले. घरी येताना नवऱ्यानं गाडीत गाणी लावली नाहीत.

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा. परीक्षक एक उंच बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला, समोर आमची फाइल आणि आत्याचं जुनं पेटंट, शेवटच्या पानापर्यंत खुणा केलेलं. आत्यानं तिथं उभं राहून सगळं सांगितलं. तीच सच्छिद्र जेल, तोच ट्रे, तोच उजेड. एकदाही आवाज हलला नाही. आपली चूक सांगतेय की आपलं बक्षीस, असं वाटावं इतक्या तोऱ्यात सांगत होती.

"तेव्हा तुमची खात्री होती?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"पूर्ण."

"आणि आता, तेव्हा चुकलात याची?"

"त्याहून जास्त. तेव्हा मी नुसतं बघितलं होतं. या वेळी उचलून बघितलंय."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग चष्मा डोळ्यांवर आणून त्या माझ्याकडे वळल्या. "हे मान्य केलं तर तुम्हालाही तोच प्रश्न विचारायला हवा. तुमच्या पट्टीची मापं तुम्ही कशावर ठेवून घेतलीत?"

बशीवर घेतली होती. प्लॅस्टिकच्या, पारदर्शक बशीवर. सगळीच्या सगळी. आत्याची चूक मी इतकी चवीनं बघितली होती, की ती माझ्याही घरात असू शकेल हे मनाला शिवलंही नव्हतं. स्वल्पविराम, माझ्या ओळखीत पहिल्यांदा, भांडायला उठले नाहीत. खोटं बोलायची सोय आत्यानं आधीच बंद करून ठेवली होती.

"बशीवर," मी म्हणाले. "पारदर्शक बशीवर."

"मग तुमचाही उजेड बशीतून गेला नसेल कशावरून?"

मी तोंड उघडलं, पण बोलण्याआधीच खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आत्या उठली होती. तिनं डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात टेबलावर, बाईंच्या समोर, आडवा ठेवला.

"पट्टी आहे ना बरोबर? ठेव इथं," ती मला म्हणाली. "माझा हात काही काचेचा नाही."

नमुना पिशवीत होता. पट्टी आधी तिरकी बसली. आत्यानंच ती सरळ केली. नवऱ्यानं दिव्यांची रांग एका कडेला लावली, सेन्सरची दुसऱ्या. खोलीतला दिवा बाईंनी स्वतः उठून बंद केला. नवऱ्यानं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

आत्याच्या सुरकुतलेल्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, एक पातळ हिरवी रेघ उजळली. एका कडेनं शिरलेला उजेड समोरच्या कडेनं जसाच्या तसा बाहेर पडत होता, आणि पडद्यावरची रेघ वर जाऊन तिथंच थांबली. बाई वाकल्या. डोळा पट्टीच्या कडेशी नेला, अगदी आत्या वाकली होती तशा.

"उचलून बघायचं तर उचला," आत्या म्हणाली.

बाईंनी खरोखरच तिचा हात मनगटाला धरून टेबलावरून वर उचलला. उजेड हलला नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी तिला भिंतीशी गाठलं. पट्टी तिच्या हातावरच होती, काढू देत नव्हती. "आत्या, चाललं नसतं तर? तुला इतकी खात्री कुठून?"

"तुझ्या कार्यशाळेत आले त्या दिवशी तुझी एक पट्टी मी ॲप्रनच्या खिशात घातली होती. चोरलीच म्हण. माझ्याकडे दिवाही आहे आणि मोजायचं यंत्रही. हातावर बांधून बघितली, मांडीवर बघितली, भांडी घासताना बघितली. चालते. झकास चालते."

"मग मला सांगितलं का नाहीस? माझा जीव गेला होता आत!"

"तू मला विचारलंस, केलं होतंस का. मला वाटलं, आपली पट्टी उचलून बघितली का, हे स्वतःलाही विचारशील." मग तिनं माझ्या गालावर एक चापटी मारली. "आता जेवायला तरी चल. त्या दिवशी उपाशी गेलीस रागारागानं, कळत नाही का मला?"

पेटंट मिळालं. कारखान्यानं यंत्रं लावली. वकिलांच्या मसुद्यातली 'किंवा अन्य कोणताही पदार्थ' ही ओळ मी मंजुरीआधी काढायला लावली, त्यावरून स्वल्पविराम अजून रुसलेले आहेत.

मागच्या आठवड्यात आत्याकडे गेले होते. तिचं ते जुनं पेटंट आता बैठकीत आहे, दारातून आत आलं की समोरच. फ्रेमच्या खाली तिच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली: 'यातलं जेलचं चुकलं. काचेचं अजूनही बरोबर आहे.' आणि संडासाच्या दाराला आतून माझं पेटंट लावलंय. सगळी पानं, ओळीनं, अगदी खालपर्यंत. शेवटचं पान वाचायला जरा वाकावं लागतं.